परदेशी ‘सेवा सहल’: अनाथाश्रमातल्या मुलांना खरंच मदत होते का?

ऑस्ट्रेलिया, युरोप, अमेरिकेतली शाळकरी मुलं सुट्टीत कंबोडियाला जातात. दोन आठवडे अनाथाश्रमात इंग्रजी शिकवतात, भिंती रंगवतात, लहानग्यांसोबत फोटो काढतात आणि घरी परततात. हेतू चांगलाच असतो. मग अडचण काय?

ही मुलं अनाथ असतात का?
बहुतेक नाही. युनिसेफच्या २०११ च्या अहवालानुसार, कंबोडियातले अनाथाश्रम २००५ मध्ये १५४ होते, २०१० पर्यंत २६९ झाले. तिथल्या दर चारपैकी जवळपास तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते.

मग ती तिथे का?
गरिबीमुळे. जेवण आणि शिक्षण मिळेल या आशेने पालक मुलांना पाठवतात. दुसरीकडे, परदेशी पाहुणे आले की देणग्या येतात. त्यामुळे काही चालकांना आश्रम भरलेला ठेवणंच फायद्याचं ठरतं.

मुलांवर काय परिणाम होतो?
दर काही दिवसांनी नवी ताई, नवा दादा. जीव लागतो न लागतो तोच ते निघून जातात. पुन्हा पुन्हा होणारी ही ताटातूट लहान मुलांना घातक ठरते. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही आपल्या ठरावात अशा स्वयंसेवेच्या धोक्यांची दखल घेतली.

मग जायचंच नाही का?
जाण्याआधी एक प्रश्न विचारा: हे काम तिथलाच माणूस पगार घेऊन करू शकत नाही का? विमानाच्या तिकिटाचे पैसे एखाद्या कुटुंबाला आधार देण्यासाठी वापरले, तर कदाचित त्या मुलाला घर सोडावंच लागणार नाही.