सागरी गुन्ह्यांचा तपास : यंत्रणा आणि मनुष्यबळ

शहापूर तालुक्यातील आटगावासारख्या ठिकाणी एखादा गुन्हा घडला, तर तो कोणाच्या हद्दीत मोडतो हा प्रश्न बहुधा गावाची शीव पाहून सुटतो. घटनास्थळ जागच्या जागी राहते, पंच गावातच मिळतात आणि साक्षीदारांना तारखेस न्यायालयात हजर करता येते. समुद्रावर ह्यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. तेथे घटनास्थळ म्हणजे पाण्यावर चालते जहाज. साक्षीदार अनेकदा परदेशी खलाशी. आणि आरोपीस पकडणारा हा बहुधा पोलीस नसून नौदलाचा अथवा तटरक्षक दलाचा अधिकारी. पकडणारा एक व तपास करणारा दुसरा, ह्या विभागणीतच सागरी तपासाचे वैशिष्ट्य आहे आणि त्याची मुख्य अडचणही आहे.

प्रथम हद्दीचा विचार करावयास हवा. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यान्वये आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंत भारताचा प्रादेशिक समुद्र, २४ मैलांपर्यंत संलग्न क्षेत्र आणि २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र होय. (सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.) ह्या मर्यादांना तपासात किती महत्त्व आहे, हे ‘एनरिका लेक्सी’ प्रकरणाने दाखवून दिले. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०.५ मैलांवर इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार मृत्युमुखी पडले. आरोपींना केरळ पोलिसांनी अटक केली. परंतु प्रादेशिक समुद्रापलीकडील ह्या घटनेबाबत राज्यास अधिकार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिला व प्रकरण केंद्राकडे गेले. तपास पुढे राष्ट्रीय तपास संस्थेने हाती घेतला.

महाराष्ट्रात ह्या कामाचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबई बंदरातील यलो गेट पोलीस ठाणे. खोल समुद्रात पकडलेले आरोपी वेळोवेळी ह्याच ठाण्याच्या स्वाधीन झाले आहेत. ऑक्टोबर १९९९ मध्ये इंडोनेशियाहून जपानकडे सुमारे ७,००० टन ॲल्युमिनियम घेऊन निघालेले ‘अलोन्द्रा रेनबो’ हे जहाज चाच्यांनी बळकावले आणि त्यावरील १७ खलाशांना तराफ्यावर सोडून दिले. जहाजाचे नाव बदलण्यात आले. नोव्हेंबरमध्ये तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने व नौदलाच्या ‘प्रहार’ने ते अरबी समुद्रात अडविले आणि त्यावरील १५ इंडोनेशियन इसमांना मुंबईस आणले. भारतीय दंडसंहितेत चाचेगिरी हा स्वतंत्र गुन्हा नसल्यामुळे दरोडा आदी अन्य कलमांचा आश्रय घ्यावा लागला. २००३ साली सत्र न्यायालयाने आरोपींना सात वर्षांची शिक्षा दिली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले.

कायद्यातील ही उणीव दूर व्हावयास बराच काळ लागला. संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये संमत केलेल्या चाचेगिरीविरोधी कायद्याने नौदल व तटरक्षक दल ह्यांना अटकेचा व जप्तीचा स्पष्ट अधिकार दिला आणि विशिष्ट सत्र न्यायालये नेमण्याची तरतूद केली. आरोपींजवळ शस्त्रे सापडल्यास काही परिस्थितीत त्यांच्याविरुद्ध गृहीतक धरता येते, ही तरतूद तपासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होय. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ ह्या जहाजावरील ३५ सोमाली चाच्यांना शरण आणून १७ खलाशांची सुटका केली व २३ मार्च रोजी चाच्यांना मुंबई पोलिसांच्या हवाली केले. अशा प्रकरणी शस्त्र कोणी, कोठे, कोणासमक्ष जप्त केले ह्याची नोंद प्रथम युद्धनौकेवरच व्हावी लागते. तेथे राहिलेली त्रुटी बंदरावरील तपासी अधिकाऱ्यास भरून काढता येत नाही.

मनुष्यबळाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. २००५ पासून राबविलेल्या किनारी सुरक्षा योजनेच्या पहिल्या टप्प्यात देशभर ७३ सागरी पोलीस ठाणी मंजूर झाली. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर दुसऱ्या टप्प्यात आणखी १३१ ठाण्यांची भर पडली. अशा ठाण्यास दोन प्रकारची माणसे लागतात : गुन्हा नोंदविणारे, पंचनामा व चौकशी करणारे पोलीस, आणि नौका चालविणारे सारंग, इंजिनचालक व खलाशी. पहिल्या वर्गाची घडण जमिनीवरील कामात झालेली असते, तर दुसऱ्या वर्गास समुद्राचे ज्ञान असले तरी तपासाचा अधिकार नसतो. ओखा येथील राष्ट्रीय सागरी पोलीस अकादमी हा ही दरी बुजविण्याचा एक प्रयत्न होय.

समुद्राची जाण तपासात कशी उपयोगी पडते, हे २००८ च्या हल्ल्याच्या तपासातच दिसून आले. मुंबईनजीक बेवारस सापडलेल्या ‘कुबेर’ ह्या मच्छीमार नौकेवरील उपग्रह दूरध्वनी व जीपीएस यंत्रातील नोंदी, तसेच किनाऱ्यास लागलेल्या रबरी होडीचे इंजिन, ह्यांवरून हल्लेखोरांचा कराचीपासूनचा मार्ग जुळविता आला.

तात्पर्य, केवळ नौकांची संख्या वाढवून सागरी तपास समर्थ होणार नाही. नौकेवरील अधिकाऱ्यास पुराव्याच्या कायद्याचे आणि ठाण्यातील अधिकाऱ्यास नौकानयनाचे प्राथमिक ज्ञान असणे आवश्यक आहे. त्याअभावी दोषी सुटण्याचा धोका आहे. आणि परक्या भाषेतील निरपराध खलाशास वर्षानुवर्षे तुरुंगात खितपत पडावे लागण्याचा धोकाही तितकाच खरा आहे.