अपराधी नायकाविषयीं अनुकंपा कशी उत्पन्न होते ?

चोरी करणें हा अपराध आहे, याविषयीं कोणाचें दुमत नाहीं. चोर पकडला गेल्याची बातमी वर्तमानपत्रांत वाचली म्हणजे 'बरें झालें' असेंच आपण म्हणतों. मग चित्रपटगृहाच्या अंधारांत तोच अपराध करणाऱ्या मनुष्यासाठीं आपले डोळे कां पाणावतात ? ही केवळ करुण संगीताची करामत नव्हे. तिच्यामागें दिग्दर्शकाची विचारपूर्वक केलेली योजना असते. ती समजून घेण्यास व्हित्तोरिओ डी सिका या इटालियन दिग्दर्शकाच्या १९४८ सालच्या 'सायकल-चोर' या चित्रपटासारखें उदाहरण क्वचितच सांपडेल.

कथा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या रोम शहरांतील आहे. बेकार आंतोनिओला भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचें काम मिळतें. पण अट अशी कीं, स्वतःची सायकल पाहिजे. सायकल तर गहाण पडलेली ! तेव्हां त्याची पत्नी मारिया अंथरुणावरील चादरी काढते, आणि त्या गहाण टाकून सायकल सोडविली जाते. पहिल्याच दिवशीं ती चोरीस जाते. आंतोनिओ आपला लहान मुलगा ब्रूनो यास घेऊन ती शोधीत शहरभर हिंडतो, आणि शेवटीं निराश होऊन स्वतःच दुसऱ्याची सायकल चोरतो.

आतां दिग्दर्शकाची रीत पाहूं. पहिली गोष्ट ही कीं, अपराधापूर्वीं तो गरज दाखवितो. गहाणाच्या कचेरींतील नोकर मारियाच्या चादरी घेऊन उंच फळ्यांवर चढतो, तेव्हां त्या फळ्या अशाच गांठोड्यांनीं वरपर्यंत भरलेल्या दिसतात. हें संकट एकाच घराचें नव्हे, हें एक शब्दही न बोलतां आपणांस कळतें.

दुसरी गोष्ट, सरळ मार्ग आधीं संपवून दाखविलेले असतात. पोलीस फिर्याद लिहून घेतात, पण शोध करीत नाहींत. जुन्या सायकलींच्या बाजारांत हिंडूनही हातीं कांहीं लागत नाहीं. संशयित तरुण भेटतो, पण पुरावा मिळत नाहीं. चोरीचा क्षण येईपर्यंत तो मनुष्य किती चालला, हें आपण प्रत्यक्ष पाहिलेलें असतें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नायकाचे दोष झांकलेले नाहींत. आंतोनिओ चिडतो, आणि निरपराध ब्रूनोला थप्पड मारतो. परंतु थोड्याच वेळानें नदीवर कोणी मुलगा बुडाल्याचा कल्लोळ ऐकूं येतो, आणि हा बाप धांवत सुटतो. तो मुलगा दुसराच निघतो. त्यानंतर खिशांत फार पैसे नसतांही तो ब्रूनोला खाणावळींत नेतो. निर्दोष पुतळ्याचें आपण कौतुक करतों. चुकून पस्तावणाऱ्या मनुष्यांत मात्र आपणांस आपलाच चेहरा दिसतो.

चौथी गोष्ट म्हणजे साक्षीदार. चोरी करण्यापूर्वीं आंतोनिओ मुलाला ट्रामनें पुढें जाण्यास सांगतो. पण ब्रूनोची ट्राम चुकते, आणि लोक आपल्या पित्यास पकडून मारतांना तो पाहतो. गर्दींत पडलेली बापाची टोपी तो उचलतो व झटकतो. न्यायाधीश कितीही कठोर शिक्षा देवो, पुत्राच्या त्या दृष्टीपेक्षां ती सौम्यच ठरली असती. सायकलीचा मालकही मुलाकडे पाहूनच आंतोनिओला सोडून देतो. अखेरीस ब्रूनो बापाचा हात धरतो.

परंतु अनुकंपा म्हणजे निर्दोष ठरविणें नव्हे, हें आपल्या विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत ठेवावें. डी सिका चोरीला चांगली म्हणत नाहीं. ती चोरी लज्जास्पदच राहते, म्हणून तर आपणांस दुःख होतें. चित्रपटाचें मूळ इटालियन नांव अनेकवचनी आहे. पहिल्या चोराचें दरिद्री घरही त्यांत दाखविलें आहे. नायकासाठीं आपण जी दया राखतों, ती त्या पहिल्या चोरासाठीं कां राखीत नाहीं, असा प्रश्न मग आपोआप उभा राहतो. कारण सरळ आहे: एकाची कथा आपण आरंभापासून ऐकली, दुसऱ्याची ऐकली नाहीं.

वर्गांत, वसतिगृहांत किंवा बाजारांत कोणी चुकलेला आढळला, तर अपराधाला अपराधच म्हणावें. पण त्या मनुष्याविषयींचें मत पक्कें करण्यापूर्वीं त्याची कथा आरंभापासून ऐकावी.