स्नायूला ढकलता येत नाही

पीयूसीच्या पहिल्या वर्षाला स्नायूंचा धडा शिकवताना शब्दाची अडचण येत नाही. मराठी शाळेतून आलेली मुले स्नायू म्हणतात, कन्नड शाळेतून आलेलीही स्नायूच म्हणतात. फार तर कुणी ‘मांसखंड’ म्हणतो, तेही सगळ्यांना कळते. मुले अडतात ती पुढच्या वाक्याला. स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही, असे मी सांगितले की तालमीत जाणारा एखादा हमखास विचारतो, “मॅडम, मग जोर काढताना जमीन रेटतो ते काय?”

प्रश्न रास्त आहे. तिथेही ओढणेच असते. दंडाच्या मागचा स्नायू कोपराचे हाड मागून ओढतो, हात सरळ होतो आणि तळवा जमिनीला रेटतो. हात दुमडायचा तर दंडाच्या पुढचा स्नायू ओढतो आणि मागचा सैल सोडतो. म्हणूनच हातापायांचे बहुतेक स्नायू जोडीने काम करतात.

स्नायूची रचना सुंभाच्या दोरासारखी असते. दोरात पेड, पेडात धागे. स्नायूतला प्रत्येक धागा म्हणजे एक लांबलचक पेशी. तिच्या आत आणखी बारीक तंतू असतात आणि त्यांवर सार्कोमिअर नावाचे कप्पे ओळीने मांडलेले असतात, एका मिलिमीटरमध्ये चारशे-पाचशे! कप्प्यात मायोसिनचे जाड आणि ॲक्टिनचे पातळ धागे असतात. हे धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी हे एकाच वेळी मांडले. दोन्हीकडे एक-एक हक्सले होता, पण त्यांचे आपसात नाते नव्हते.

विहिरीतून बादली ओढताना आपण हात सोडून पुन्हा पुढे धरतो, तसेच मायोसिन करते. गंमत अशी की पकड सोडायलाच एटीपी नावाचे इंधन लागते. मृत्यूनंतर ते संपते, पकडी तशाच राहतात आणि काही तासांत देह ताठ होतो. जुनी माणसे हातपाय लगेच सरळ करायला सांगतात, त्यामागे हे कारण आहे.

न वापरलेला स्नायू बारीक होतो. प्लॅस्टर काढल्यावरचा पाय आठवावा. उतारवयात हे आणखी वेगाने होते, आणि आपण प्रेमाने त्यात भर घालतो. “आजी, तुम्ही उठू नका”, “अज्जी, एळबेडी”, दोन्ही भाषांत एकच चूक! मांडीचे बळ गेले की संडासला जाण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागतो. १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या दुबळ्या वृद्धांना आठ आठवडे वजन घेऊन पायांचा व्यायाम दिला. पूर्ण करणाऱ्यांचे मांडीचे बळ सरासरी दुपटीहून अधिक झाले.

घरी वजने नकोत. हात न टेकता खुर्चीवरून सावकाश उठायचे, सावकाश बसायचे, आधी पाच वेळा, मग दहा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.