इशारा मोबाईलवर, ताई शेतात

गेल्या वर्षी वळवाच्या पावसात आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या तीन शेळ्या बाभळीखाली वीज पडून एकदमच गेल्या. ताई तेवढ्यात विहिरीकडे गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. घरच्या मोबाईलवर ‘दामिनी’ ॲपचा इशारा वेळेवर आला होता. पण मोबाईल मुलाच्या खिशात, मुलगा गावात आणि ताई शेतात!

‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेनं तयार केलंय. देशभर बसवलेली यंत्रं वीज कुठं चमकली ते टिपतात. आपल्या २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज असली की ॲप सावध करतं. २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. म्हणून हा इशारा घरात पडून राहता कामा नये, असं आम्ही बैठकीत ठरवलं.

आता इशारा दिसला की ती ताई गटाच्या व्हॉट्सॲपवर आपल्या बोलीत आवाजी निरोप टाकते. वाचता न येणाऱ्या आजींनाही तो कळतो. ज्यांच्याकडे मोबाईल नाही, अशी दोन-दोन घरं प्रत्येकीला वाटून दिली आहेत. शेतातल्यांसाठी देवळावरच्या लाऊडस्पीकरवरून सांगतो.

पण नुसतं ‘घरी या’ म्हटल्यानं कुणी हातातलं खुरपं टाकत नाही. कारण पटावं लागतं. म्हणून आम्ही मोबाईलवर छोटा व्हिडिओ केला. तीन-चार शेतं पलीकडे एक ताई पत्र्याच्या डब्यावर काठी मारते. काठी पडताना दिसते, आवाज मात्र मागून येतो. कारण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटरच जातो. विजेचंही तसंच. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत आकडे मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत गडगडलं, तर लगेच पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

शेळ्या का गेल्या, तेही व्हिडिओत सांगितलं. झाडावर पडलेली वीज मुळाशी जमिनीत पसरते. पाय लांब असले तर ती एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते. जनावरांचे पाय तर लांबच असतात. म्हणून झाडाखाली थांबू नका. उघड्यावर अडकलात तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका. वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला झटका बसत नाही. लगेच मदत करा, १०८ ला फोन लावा.

मोबाईलवरून खोटंही तितक्याच वेगानं पसरतं. ‘पायाळू माणसावर वीज पडते’, ‘मोबाईल विजेला ओढतो’, असे निरोप आमच्याकडेही आले. दोन्ही खरं नाही. गटात आता एकच नियम आहे: कुणी सांगितलं आणि कधी, हे कळल्याशिवाय पुढं पाठवायचं नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. मोबाईल नसलेली घरं मोजा आणि आपापसांत वाटून घ्या. ढग भरून येण्याआधीच हे व्हायला हवं.