कवायतीपलीकडचं शिक्षण

नांदेड पोलीस परिक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. लातूरजवळ बाभळगावला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. पण नव्या पोलिसाची खरी परीक्षा बंदोबस्तातच होते. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. समोर गुन्हेगार नव्हते, तहानलेलं शहर होतं. अशा वेळी आवाज न चढवता रांग सांभाळणं कुठल्याही कवायतीत शिकता येत नाही. १२ एप्रिलला मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. नांदेडला २९ मार्च २०२१ रोजी, करोनाच्या निर्बंधांत, शिखांच्या होला मोहल्ला सणाच्या वेळी झालेल्या हल्ल्यात ४ पोलीस जखमी झाले. एवढी समज आणि धीर ज्यांच्याकडून विशीत-पंचविशीत मागितला जातो, त्यांना साप्ताहिक सुट्टी तरी वेळेवर मिळालीच पाहिजे.