काहील हलवायची कशी?

हंगामात कोल्हापूरच्या आसपासचं एखादं गुऱ्हाळ पाहिलं असेल, तर एज कंप्युटिंगचं निम्मं गणित तुम्हाला येतंच. दहा टन ऊस लांब वाहून नेण्यापेक्षा फडाशेजारी गाळायचा, रस काहिलीत आटवायचा आणि टनभर गूळ तेवढा शाहू मार्केट यार्डात सौद्याला धाडायचा. फोनच्या कॅमेऱ्यातून आणि माइकमधून निघणारी कच्ची माहितीही अशीच अवजड असते. ती मुंबईच्या डेटा सेंटरपर्यंत न नेता टॉवरजवळच्या, निदान त्याच शहरातल्या, छोट्या संगणकावर गाळायची, एवढीच मूळ कल्पना. महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००९ मध्ये ‘क्लाउडलेट’ या नावाने मांडली.

उरलेलं निम्मं गणित अवघड आहे. ऊस फडातच उभा असतो, फोन मात्र खिशात बसून गावोगाव हिंडतो.

समजा, एक व्यापारी कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून (सीबीएस) निपाणीच्या एसटीत बसलाय आणि हुबळीच्या अडत्याशी फोनवर बोलतोय. याला कन्नड येत नाही, त्याला मराठी. मधलं भाषांतर कोल्हापुरातला एक एज संगणक बोलता बोलता करतोय. (‘समजा’ म्हणायचं कारण, आज अशी कामं बहुधा फोनमध्येच होतात नाहीतर थेट लांबच्या सर्व्हरवर.) एसटी उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, कणेरीवाडी करत कागलकडे निघालीय. वाटेत काय काय घडतं?

पहिली गोष्ट टॉवर बदलण्याची, आणि ती बरीचशी सुटलेली आहे. फोन आजूबाजूच्या टॉवरांचा जोर सतत मोजून कळवत असतो. शेजारचा टॉवर ठरावीक फरकाने आणि ठरावीक वेळ सरस ठरला, की चालू टॉवर ‘आता तिकडे जा’ असा हुकूम देतो आणि हाताशी उरलेली माहितीची पाकिटं नव्या टॉवरकडे सरकवतो. सगळं सेकंदाच्या छोट्याशा अंशात उरकतं. म्हणून तर धावत्या गाडीत आपलं बोलणं तुटत नाही.

पण टॉवर बदलला म्हणून भाषांतर करणारा संगणक बदलत नाही. तो कोल्हापुरातच राहतो आणि फोनशी त्याचं बोलणं लांबच्या वाटेने चालू राहतं. म्हणजे तुटत काहीच नाही, फक्त उशीर वाढत जातो. किती वाढतो, ते मात्र नीट मोजावं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. चारशे किलोमीटरवरच्या मुंबईला जाऊन यायला त्याला जेमतेम ४ मिलिसेकंद लागतात. खरा वेळ खातात ते रेडिओचा टप्पा, वाटेतले राउटर आणि गर्दीच्या वेळी लागणाऱ्या रांगा. ‘जवळ म्हणजे जलद’ असं जाहिरातीत सरसकट म्हटलं जातं, ते म्हणूनच अर्धवट आहे.

तरी उशीर खुपेल इतका वाढला, तर सेवा पुढच्या, समजा कागलच्या, संगणकावर हलवावी लागते. इथे काहील आठवा. उकळता रस आहे, चुलवाण पेटलंय, गुळव्या पाकाकडे डोळे लावून उभा आहे, आणि कुणी म्हणालं, गुऱ्हाळ शेजारच्या गावी न्या! सांडणार नाही, थंडही होणार नाही, अशा बेताने.

यावरचा एक उपाय केंब्रिजच्या मंडळींनी २००५ मध्ये करून दाखवला. चालू यंत्र न थांबवता त्याच्या स्मृतीची नक्कल आधीच पाठवायला लागायचं. समजा स्मृती १ गीगाबाइट आहे आणि मधला दुवा सेकंदाला १ गीगाबिटचा. पहिल्या नकलेला ८ सेकंद लागतील. तेवढ्या वेळात काम चालूच असल्याने, धरा, १०० मेगाबाइट बदलले. ते पाठवायला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त, त्यात १० मेगाबाइट बदलले. ते पाठवले, आता १ उरला. मग यंत्र क्षणभर थांबवायचं, शेवटचा घास पलीकडे द्यायचा आणि तिथे पुन्हा चालू करायचं. थांबणं ८ मिलिसेकंदांचं, कुणाच्या कानालाही कळू नये इतकं. मात्र दुवा नेतो त्याहून वेगाने स्मृती बदलत असेल, तर ही शर्यत कधीच संपत नाही. गीगाबाइटच्या पहिल्या ८ सेकंदांतही ताशी ६० किलोमीटरची एसटी सव्वाशे मीटरच्या वर पुढे गेलेली असते, हेही धरावं लागतं.

मला शहाणपणाचा वाटतो तो दुसरा मार्ग. काहील, चुलवाण, गुळव्या दोन्हीकडे आधीच सज्ज ठेवायचे आणि न्यायचा तो फक्त अर्धा आटलेला रस. भाषांतराचा अवजड प्रोग्राम कागलला आधीपासून असेल, तर पाठवायची ती मागची चार-दोन वाक्यं. ‘तो माल’ म्हणजे कुठला माल, एवढं कळलं की पुरे. हा मजकूर काही किलोबाइटचा. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने ही शिदोरी पहिल्यापासून वेगळी बांधून ठेवायला हवी, आणि तिथेच आळस आडवा येतो.

महामार्गावर आणखी एक सोय आहे. गाडी पुढे कुठे जाणार हे उघड असल्याने तयारी आधीच करता येते. रंकाळा तलावाभोवती फेरी मारणाऱ्याचं तसं नाही. तो पाच मिनिटांत या टॉवरवरून त्या टॉवरवर आणि परत येईल. त्याच्या मागे सेवा पळवत बसलं तर फायद्यापेक्षा हलवाहलवच जास्त. अशा वेळी ती जिथे आहे तिथेच राहू द्यावी.

दूधगंगा ओलांडून कोगनोळीला आलं की दूरसंचाराचं सर्कलही बदलतं, महाराष्ट्राचं कर्नाटक होतं. अडचण पत्त्याची आहे. फोनचा इंटरनेटवरचा पत्ता जाळ्यातल्या एका दारापाशी बांधलेला असतो. सर्कलबरोबर हे दारही बदललं, की पत्ता बदलतो आणि जुन्या पत्त्यावर चाललेलं संभाषण तुटतं. ५जीच्या मानकांत यावर एक पद्धत आहे: नवी वाट आधी उघडायची, जुनी नंतर मिटायची. शिवाय २०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक हा शिष्टाचार (प्रोटोकॉल) संभाषण पत्त्यावरून न ओळखता एका खुणेच्या आकड्यावरून ओळखतो. पत्ता बदलला तरी संभाषण चालू राहतं.

आता उलट प्रसंग घ्या, कुणीच हलत नाही असा. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी मागे टाकली, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि ट्रक दिवसचे दिवस अडकून पडले. अशा वेळी एकाच टॉवरखाली गर्दी होते, आणि एजचा संगणक काही मोठ्या डेटा सेंटरसारखा लवचीक नसतो. तेव्हा कुणाला आधी थांबवायचं हे पूर येण्यापूर्वीच ठरलेलं हवं: खेळ आणि व्हिडिओ मागे, रुग्णवाहिका पुढे. वीज गेली, जनरेटरचं डिझेल संपलं, तर नक्कल पाठवायलाही सवड मिळत नाही. म्हणून चालू कामाची प्रत थोड्या थोड्या वेळाने दुसरीकडे उतरवून ठेवायची. अंतर पाहता सांगली सोयीची, पण आपल्याकडे पंचगंगा चढते त्याच आठवड्यात तिकडे कृष्णा चढलेली असते. प्रत पुण्याला ठेवावी. दोन-चार मिलिसेकंद जास्त जातील, जाऊ देत.