जुन्या औषधाला नवा प्रश्न
विद्यापीठ जेव्हा औषधचाचणीचे प्रायोजक होते

‘प्रायोजक’ हा शब्द मराठी वाचकाला गणेशोत्सवाच्या मांडवावरील फलकांतून, नाटकाच्या जाहिरातींतून किंवा क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणातून परिचित आहे, आणि या सर्व ठिकाणी पैसा पुरवून त्या बदल्यात आपले नाव झळकावून घेणारा एवढाच त्याचा अर्थ असतो. माणसांवर केल्या जाणाऱ्या औषधचाचण्यांच्या, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्सच्या, परिभाषेत हा शब्द बराच जड होतो. चाचणी सुरू करणे, ती नियमांनुसार चालवणे, निधीची तजवीज करणे, सहभागी रुग्णांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणे आणि विपरीत काही घडल्यास त्याची जबाबदारी घेणे, या सर्वांचे अंतिम उत्तरदायित्व ज्याच्या शिरावर असते तो प्रायोजक होय. पैसा त्याचाच असला पाहिजे असे नाही. तो सरकारी संशोधन निधीतून किंवा धर्मादाय संस्थेकडून येऊ शकतो.

नव्या औषधांच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांचे प्रायोजकत्व औषध कंपन्यांकडे असते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु कंपनी कोणता प्रश्न विचारणार हे पुष्कळदा औषधाच्या पेटंटवर आणि अपेक्षित विक्रीवर ठरते. ज्या औषधाचे पेटंट केव्हाच संपले आहे, जे अनेक कारखाने तयार करतात आणि जे काही रुपयांत मिळते, ते एखाद्या वेगळ्या आजारावर चालेल काय, हे शोधण्यासाठी कोट्यवधींचा खर्च करण्याचे कोणत्याही एका कंपनीला कारण उरत नाही. असे प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने कितीही महत्त्वाचे असले तरी बाजाराच्या दृष्टीने अनाथ असतात, आणि विद्यापीठाने प्रायोजक होण्याचे खरे प्रयोजन या अनाथ प्रश्नांना वाली मिळवून देण्यात आहे.

ऑक्सफर्डची ‘रिकव्हरी’

या प्रकारच्या चाचणीचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे २०२० मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली ‘रिकव्हरी’ ही चाचणी. तिचे प्रायोजक ऑक्सफर्ड विद्यापीठ होते, निधी प्रामुख्याने ब्रिटनच्या सरकारी संशोधन संस्थांकडून आला, आणि पीटर हॉर्बी व मार्टिन लँड्रे हे ऑक्सफर्डचे दोन प्राध्यापक तिचे मुख्य संशोधक होते. कोविडने दाखल झालेल्या रुग्णांना नेमके काय द्यावे याबद्दल तेव्हा जगभर अंदाजांचे पेव फुटले होते. हाताशी असलेली जुनी औषधे प्रत्येक जण आपापल्या समजुतीप्रमाणे देत होता. अशा वेळी आराखड्याच्या पहिल्या मसुद्यापासून पहिला रुग्ण सहभागी होईपर्यंत या चाचणीला अवघे ९ दिवस लागले, आणि पुढे ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील १७० हून अधिक रुग्णालये तिच्यात सामील झाली.

हा वेग शक्य झाला तो आराखडा जाणीवपूर्वक साधा ठेवल्यामुळे. सहभागी होणाऱ्या रुग्णाला किंवा त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्या व्यक्तीला चाचणी समजावून सांगितली जाई आणि संमतीपत्रावर सही घेतली जाई. त्यानंतर डॉक्टर संगणकावरील एका छोट्या अर्जात रुग्णाचे वय, लिंग, इतर मोठे आजार आणि त्याला ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागत आहे काय, एवढी मोजकी माहिती भरत. आणि तो अर्ज पाठवताच रुग्ण कोणत्या गटात पडला हे संगणक कळवत असे. पुढचा अर्ज भरायचा तो रुग्ण घरी गेल्यावर, दगावल्यावर किंवा २८ दिवस पूर्ण झाल्यावर. मुख्य प्रश्नही एकच होता : २८ दिवसांनंतर रुग्ण हयात आहे काय? थकून गेलेल्या वॉर्डातील डॉक्टरला जेवढे काम झेपेल तेवढेच त्याच्याकडून मागायचे, हे या आराखड्याचे मुख्य सूत्र होते.

संगणकाची चिठ्ठी

संगणकाने गट ठरवण्याच्या या पद्धतीला यादृच्छिक विभागणी म्हणतात. सोप्या भाषेत ती चिठ्ठी टाकण्याचीच रीत आहे. रुग्णाच्या उपचाराचा निर्णय असा चिठ्ठीवर सोपवणे प्रथमदर्शनी निष्ठुर वाटते, पण त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एखाद्या औषधाची निवड डॉक्टरांवर सोडली तर ते स्वाभाविकपणे अधिक अत्यवस्थ रुग्णाला ते औषध देऊन पाहतात, किंवा उलट ज्याच्या वाचण्याची आशा जास्त त्याला देतात. मग दोन गटांतील मृत्यूंमध्ये जो फरक दिसतो तो औषधाचा की मुळातल्या प्रकृतीचा, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. हजारो रुग्णांची विभागणी चिठ्ठीने झाली की वय, मधुमेह, फुप्फुसांची अवस्था, आणि ज्यांची मोजणीही झालेली नाही असे असंख्य घटक दोन्ही गटांत जवळपास सारखे वाटले जातात, आणि अखेरीस उरणारा ठळक फरक औषधाच्याच पदरात घालता येतो.

या पद्धतीला वैद्यकात प्रतिष्ठा मिळाली ती १९४८ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केल्यानंतर. त्या चाचणीत १०७ रुग्ण होते आणि त्यांची विभागणी संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक अंकांच्या आधारे, बंद लिफाफ्यांतून केली होती. अशा विभागणीची नैतिक अट मात्र कडक आहे : दोन उपचारांपैकी कोणता सरस, हे तज्ज्ञांना खरोखरच ठाऊक नसले पाहिजे. उत्तर आधीच ठाऊक असताना चिठ्ठी टाकणे ही रुग्णाची फसवणूक ठरते.

आकडे काय बोलले

‘रिकव्हरी’त तपासलेल्या औषधांपैकी डेक्सामेथासोन हे १९५० च्या दशकात तयार झालेले स्टेरॉइड होते. चाचणीत त्याची मात्रा दिवसातून एकदा ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, अशी ठेवली होती. ते औषध २,१०४ रुग्णांच्या वाट्याला आले, तर ४,३२१ रुग्णांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले. दुसरा गट दुप्पट मोठा ठेवण्याचे कारण असे की एकाच वेळी तपासल्या जाणाऱ्या अनेक औषधांची तुलना त्या एकाच गटाशी करायची होती.

व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांपैकी नेहमीच्या उपचारांच्या गटात २८ दिवसांत ४१.४ टक्के, तर डेक्सामेथासोनच्या गटात २९.३ टक्के रुग्ण दगावले, म्हणजे अशा दर १०० रुग्णांमागे सुमारे १२ मृत्यू कमी झाले. केवळ ऑक्सिजन लागणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण २६.२ वरून २३.३ टक्क्यांवर आले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात मात्र औषधाने लाभ झाल्याचे दिसले नाही. तेथे मृत्यूंचे प्रमाण औषध न घेणाऱ्यांत १४ टक्के आणि घेणाऱ्यांत १७.८ टक्के होते, आणि हा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकत असला तरी सौम्य आजारात स्टेरॉइड घेऊ नये हे सांगण्यास तो पुरेसा होता. १६ जून २०२० रोजी निष्कर्ष जाहीर झाले, त्याच दिवशी ब्रिटनमध्ये या औषधाच्या वापराला मान्यता मिळाली, आणि २७ जूनला भारताच्या आरोग्य मंत्रालयाने आपल्या उपचार-मार्गदर्शिकेत त्याचा समावेश केला.

चाचणीची दुसरी मिळकत नकारार्थी उत्तरांची होती. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा बोलबाला जगभर झाला असताना ‘रिकव्हरी’त ते घेणाऱ्यांपैकी २७ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी २५ टक्के रुग्ण दगावल्याचे आढळले. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातील प्लाझ्माची तपासणी ११ हजारांहून अधिक रुग्णांवर झाली आणि दोन्ही गटांतील मृत्यूंचे प्रमाण सारखेच, २४ टक्के, निघाले. महाराष्ट्रात त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून प्लाझ्मादाते शोधत फिरणाऱ्या नातेवाइकांची जी वणवण झाली, ती पाहता या ‘नाही’चे मोल ध्यानात येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर घेतलेल्या चाचणीनेही २०२० मध्येच तसेच उत्तर दिले होते. तरीही प्लाझ्मा राष्ट्रीय मार्गदर्शिकेतून वगळला गेला तो मे २०२१ मध्ये.

मुंबईतील एक भूल

अनाथ प्रश्न विचारण्याची ही परंपरा महाराष्ट्राला अनोळखी नाही. मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर हे अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतील केंद्र असून ते होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट या अभिमत विद्यापीठाचे घटक आहे. तेथील शल्यचिकित्सक राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांत सुरुवातीच्या टप्प्यातील स्तनकर्करोगाच्या सुमारे १,६०० रुग्ण स्त्रियांवर एक चाचणी झाली. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हाताळली जात असताना कर्कपेशी शरीरात पसरण्याची शक्यता असते, आणि गाठीभोवतीचा भाग आधीच बधिर केल्यास त्या प्रक्रियेला आळा बसेल काय, असा तिचा प्रश्न होता. एका गटात शल्यचिकित्सक गाठीभोवती लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे ०.५ टक्के तीव्रतेचे इंजेक्शन देत, ७ ते १० मिनिटे थांबत आणि मगच गाठ काढत. दुसऱ्या गटात हे इंजेक्शन न देता नेहमीप्रमाणे शस्त्रक्रिया होई.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५ वर्षांनंतर इंजेक्शनच्या गटातील ९०.१ टक्के, तर दुसऱ्या गटातील ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या. दाताच्या दवाखान्यातही वापरल्या जाणाऱ्या या किरकोळ किमतीच्या औषधासाठी असा खटाटोप करण्यात कोणत्याही उत्पादकाला रस असण्याचे कारण नव्हते. अर्थात, कोणाला इंजेक्शन मिळाले हे शल्यचिकित्सकांना ठाऊक होते, आणि एका चाचणीच्या निष्कर्षाला इतरत्र दुजोरा मिळणे इष्ट असते, हेही नमूद केले पाहिजे.

नियम आणि संमती

भारतात अशा चाचण्यांसाठी २०१९ च्या ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल्स’ नियमांत ‘शैक्षणिक चाचणी’ अशी स्वतंत्र वर्गवारी केलेली आहे. आधीच मान्यता मिळालेले औषध नव्या आजारासाठी, नव्या मात्रेत किंवा नव्या मार्गाने देऊन पाहायचे असेल, आणि निष्कर्षांचा उपयोग विक्रीचा परवाना मिळवण्यासाठी करायचा नसेल, तर ती चाचणी या वर्गात मोडते. केंद्रीय औषध नियंत्रकांच्या स्वतंत्र परवानगीची तिला सर्वसाधारणपणे गरज नसते, मात्र नैतिकता समितीची मंजुरी अनिवार्य असते. या समितीत किमान ७ सदस्य लागतात. त्यांत एक कायदेतज्ज्ञ, एक स्त्री सदस्य आणि वैद्यकाशी संबंध नसलेली एक सामान्य व्यक्ती असावी लागते, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधकाने स्वतः सुरू केलेल्या चाचणीत त्याची संस्थाच प्रायोजक मानली जाते आणि चाचणीमुळे अपाय झाल्यास भरपाईची जबाबदारीही तिच्यावर येते.

नियम कितीही काटेकोर असले तरी त्यांची कसोटी संमतीपत्रावर लागते. ‘डॉक्टर म्हणतील ती पूर्व दिशा’ अशी वृत्ती असलेल्या समाजात उपचार आणि संशोधन यांतील भेद सहज पुसला जातो. उपचारात डॉक्टर समोरच्या एका रुग्णाचे हित पाहून औषध निवडतो, तर चाचणीत आपल्या वाट्याला काय येईल हे आराखडा आणि चिठ्ठी ठरवतात, हे सहभागी व्यक्तीला तिच्या भाषेत कळले पाहिजे. म्हणूनच चाचणीचा हेतू काय, प्रायोजक कोण, सहभागी न झाल्यास कोणते उपचार मिळतील, अपाय झाल्यास खर्च कोण करील, आणि मध्येच बाहेर पडल्यास नेहमीच्या उपचारांत खंड पडणार नाही ना, हे प्रश्न सही करण्यापूर्वी विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि त्यांची उत्तरे माहितीपत्रकात लेखी असली पाहिजेत. २००७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय क्लिनिकल ट्रायल्स नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, चाचणीची नोंद आहे किंवा नाही, हे कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते.

विद्यापीठांची उधारी

प्रायोजक विद्यापीठ आहे एवढ्यावरून चाचणी निर्दोष ठरत नाही. संशोधक बेन गोल्डेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये युरोपीय महासंघाच्या नोंदवहीतील चाचण्या तपासल्या, तेव्हा निष्कर्ष नोंदवण्याची मुदत उलटलेल्या चाचण्यांपैकी व्यापारी प्रायोजकांनी ६८.१ टक्क्यांचे निष्कर्ष नोंदवले होते, तर विद्यापीठांसारख्या बिगरव्यापारी प्रायोजकांनी अवघ्या ११ टक्क्यांचे. औषध कंपन्यांवर माहिती दडपल्याचा आरोप नेहमी होतो, पण या हिशेबात मागे पडली होती ती ज्ञानसाधनेचा वारसा सांगणारी मंडळी. त्यामागे लबाडीपेक्षा ढिलाईचा भाग अधिक असू शकतो : अनुदान संपते, संशोधक दुसरीकडे जातो, आणि नकारार्थी निष्कर्ष लिहून काढण्याची कोणाला घाई नसते.

परंतु सही करणाऱ्या रुग्णाच्या बाजूने पाहिल्यास ही ढिलाई क्षुल्लक राहत नाही. औषध आपल्या वाट्याला येईल की नाही हे ठाऊक नसताना त्याने संमती दिलेली असते, आणि त्या बदल्यात त्याला कबूल केलेली एकच गोष्ट म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, मग ते ‘होय’ असो वा ‘नाही’. प्लाझ्माच्या चाचण्यांत सहभागी झालेल्यांना ते उत्तर मिळाले, आणि त्यांच्यानंतर आजारी पडलेल्यांची वणवण त्यामुळे थांबू शकली. ज्या चाचण्यांचे निष्कर्ष कपाटातच राहिले, त्यांच्या संमतीपत्रांवरील सह्यांची उधारी त्या त्या विद्यापीठाच्या नावावर अजून बाकी आहे.